सळईला मिठाचं पाणी

प्रेमानंदच्या घरातलं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि मनात आलं की निघून जायचं. मोडेमवरचे चारही दिवे लागले की ऐश्वर्या खुर्ची ओढून बसायची, पान अर्धं उघडायचं, आणि तेवढ्यात तिसरा दिवा लुकलुकायला लागायचा. तक्रार केली की पंधरा दिवसांनी एक माणूस यायचा, खांबावरची पेटी उघडून मुंग्या झटकायचा आणि जायचा. दोन दिवस बरं चालायचं. मग पुन्हा तेच रडगाणं.

एरवी कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण २००९ सालचा तो जून होता. ऐश्वर्याची बारावी झाली होती, सीईटीत चांगले मार्क पडले होते, आणि कोणकोणत्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रवेश हवा ती यादी कॉम्प्युटरवरूनच भरून द्यायची होती. शेवटची तारीख बावीस जून, संध्याकाळी पाच. पाच म्हणजे पाच. हातापाया पडून खिडकी पुन्हा उघडून घ्यायची तिथं सोय नव्हती.

"बाबा, ह्या नेटवर फॉर्म भरत बसले तर माझी म्हातारी व्हईल," ती म्हणाली. "अमरसिंगकाकाचं केबलचं नेट घिऊ. अर्ध्या हिंगोलीनं घेतलंय."

प्रेमानंद लगेच हो म्हणाला. लेकीनं काही मागावं आणि ते नेमकं वायरीचं काम असावं, याहून मोठं सुख त्याला ठाऊक नव्हतं. तो वायरमन होता. रेल्वे फाटकापलीकडच्या त्या गल्लीतल्या अकराही घरांची वायरिंग त्याच्या हातची. खिशात कायम टेस्टर, पेनासारखा अडकवलेला. पंखा घरघरला, बटन ठिणगी टाकू लागलं, की लोक प्रेमानंदकाकाला हाक मारत आणि काका 'बराबर हाय' म्हणाला की निर्धास्त झोपत.

तीन दिवस तो स्वतःच्याच घरात मिस्त्रीसारखा राबला. गच्चीच्या कोपऱ्याखाली भिंतीला भोक पाडलं, तेही बाहेरच्या अंगाला उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी वायरीबरोबर आत येऊ नये. आतून पांढरी पट्टी मारत वायरीची वाट थेट कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत आणली. टेबलाखाली तीन पिनांचा नवा प्लगबोर्ड बसवला, त्याच्या तिसऱ्या पिनेची तार सवयीनं घरामागच्या सळईला जोडली. गल्लीच्या तोंडाशी राहणारे संतराम सर, शाळेत गणित शिकवणारे, तेही नेट घेणार होते. त्यांच्याकडंही तसंच काम करून दिलं. बाकीच्या घरांना फक्त टीव्हीची केबल हवी होती.

चौथ्या दिवशी अमरसिंग आला, मोटारसायकलच्या हँडलला काळ्या वायरीचं भेंडोळं अडकवून. त्यानं सगळं काम वाकून वाकून पाहिलं आणि खूश झाला.

"काका, असं तयार घर मला आजपर्यंत मिळालं न्हाई बघा. आता ऐका. खांबावरनं लाईन येईल संतराम सरांच्या गच्चीवर. तिथून तुमच्या. तुमची गच्ची उंच, म्हणून मेन बॉक्स इथं. इथून समद्या गल्लीला वायर." त्यानं केबलला बांधलेली लोखंडी तार दाखवली. "ही केबलला ताणून धरती. अन् एक काम ऱ्हायलं. मागच्या साली वीज पडली तवा माझे पाच-सात बॉक्स जळाले. तवापासून मी अर्थिंगबिगर बॉक्स बसवत न्हाई. तुमच्या घराचं अर्थिंग कुठंय?"

प्रेमानंदची नजर घरामागच्या सळईकडं गेली.

आता त्या सळईची गोष्ट सांगायलाच हवी. विजेला दोन वाटा लागतात, एक यायची आणि एक परत जायची. शहाऐंशी साली ही गल्ली लाईनच्या पार शेपटाला होती. संध्याकाळी बल्ब निखाऱ्यासारखे लाल जळायचे, त्यांच्या उजेडात माणसाचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. तेव्हा तेहतीस वर्षांच्या प्रेमानंदनं एक डोकं चालवलं. घरामागं, धुण्याच्या दगडाजवळ, चार हात लोखंडी सळई जमिनीत ठोकली. खांबावरून आलेली परतीची तार गुंडाळून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी सळई जोडली. करंट घरात येणार खांबावरून, परत जाणार जमिनीतून. बल्ब असा काही पेटला की शेजारीपाजारी बघायला आले. महिन्याभरात अकरा घरांत अकरा सळया बसल्या.

फक्त उन्हाळ्यात जमीन वाळली की बत्ती बारीक व्हायची. त्यावरही प्रेमानंदनंच उपाय सांगितला. दिवेलागणीला प्रत्येक घरची बाई बादलीभर पाण्यात मूठभर जाडं मीठ कालवून सळईच्या बुडाशी ओतायची. नव्या सुना आल्या, त्यांना सासवांनी हे देवपूजेसारखं शिकवलं. तेवीस वर्षं ते चाललं होतं.

जे सांगितलं नव्हतं ते असं. जमीन ओली आहे तोवर करंट गुमान खाली जातो. जमीन वाळली की तो सळईतच थांबतो, आणि हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो. अर्थिंगची तार म्हणजे घराची राखण करणारी तार, बिघाडानं सुटलेला करंट तेवढा जमिनीत नेणारी; रोजचा करंट वाहायला ती नसते. प्रेमानंदनं राखणदारालाच ओझ्याला जुंपलं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं. लाईन सुधारली की सगळं नीट करू, असं त्यानं स्वतःला समजावलं. चौऱ्याण्णव साली गल्लीला नवा ट्रान्सफॉर्मर आला, लाईन सुधारली. पण मग दहा दारांत उभं राहून 'माझं काम खोटं होतं' म्हणावं लागलं असतं. ते त्याच्यानं झालं नाही.

आणि त्याच्या डोळ्यांपुढं जळबा होता. जळबानंच त्याला पक्कड धरायला शिकवलं. सिद्धेश्वरच्या कालव्याकाठी एका विहिरीवरच्या मोटारीला जळबाचा हात लागला, तिथंही अशीच एक वाळलेली सळई होती. त्याला सोडवणाऱ्यांत प्रेमानंद होता. जीव गेल्यावरही जळबाची मूठ उघडली नव्हती.

"काका?" अमरसिंग हातात हिरवी तार घेऊन वाट बघत होता. "अर्थिंग?"

'त्या सळईला जोडू नको' म्हटलं की 'काहून?' आलंच असतं. प्रेमानंदनं हात वर केला आणि घरामागं बोट दाखवलं. एवढ्यानं काय होतंय, असं तो मनाशी म्हणाला. अमरसिंगनं बॉक्सची हिरवी तार सळईला जोडली.

नेट असं धावायला लागलं की ऐश्वर्यानं पहिल्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात प्रेमानंदची बायको रुक्माबाई सिद्धेश्वरला बहिणीकडं गेली, बहिणीच्या सुनेचं बाळंतपण होतं. जाताना दारातून सांगून गेली, "सळईला पाणी घालायचं विसरू नका. तुमची आठवण माझ्या भरवशावर असती." आणि प्रेमानंद चार दिवस चक्क विसरला.

पाचव्या दिवशी ऐश्वर्या म्हणाली, "बाबा, ह्या मोडेमला हात लागला की मुंग्या येऊन राहिल्या. दंडापर्यंत."

त्यानं टेस्टर काढला. मोडेमच्या मागं जिथं वायर पितळेच्या आट्यात बसते, तिथं टोक टेकवलं. टेस्टरच्या काचेत जोंधळ्याच्या दाण्याएवढा लाल ठिपका लागला. प्रेमानंदनं आयुष्यात हजार वेळा तो ठिपका पाहिला होता. पण लेकीच्या टेबलावर कधी पाहिला नव्हता. गच्चीवर जाऊन बॉक्सला टेस्टर लावला. तिथंही ठिपका. बॉक्सवरून निघालेल्या लोखंडी तारा अकरा गच्च्यांवर पसरल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत तो ठिपका होता.

त्यानं बादली भरली, मिठाची अर्धी पुडी ओतली आणि सळईच्या बुडाशी रिकामी केली. ठिपका विझला. तासाभरानं पुन्हा लागला. पुन्हा बादली.

नळ आठ दिवसांनी यायचा तो काळ. जून अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. लोक आंघोळीचं पाणी झाडाला घालत होते आणि प्रेमानंद पिंपातलं पाणी जमिनीत ओतत सुटला होता. सकाळी दोन बादल्या, दुपारी लोडशेडिंग संपून लाईट यायच्या आधी दोन, संध्याकाळी दोन. दुकानदारानं विचारलं, "काका, येवढ्या मिठाचं लोणचं घालता काय?" तो हसला. हसताना त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"बाबा, प्यायचं पाणी हाय ते!" ऐश्वर्यानं कळशी हिसकून घेतली. "काहून ओतून राहिले?"

"बत्ती बारीक जळती."

"बत्तीसाठी? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

त्यानं तिच्या पायाखाली लाकडी पाट ठेवला आणि रबरी चपला घातल्याशिवाय कॉम्प्युटरला बसायचं नाही, अशी ताकीद दिली. ती बापाकडं बघतच राहिली. मग तो गल्लीभर फिरून बायकांना आठवण करून आला, सळईला पाणी घाला बरं का, विसरू नका. बायकांनी माना डोलावल्या. संतराम सरांची बायको औंढ्याला माहेरी गेली होती. सर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "घालतो, घालतो. पण काका, हल्ली बत्ती झक्क जळते. गरजच काय?"

मग कुरबुरी सुरू झाल्या. समोरच्या सिंधूबाईचा टीव्ही पुसताना हात झिणझिणला. पलीकडच्या किसनसिंगच्या म्हातारीनं टीव्हीला हात लावणंच सोडलं. एका संध्याकाळी सिंधूबाईच्या ओट्यावर सगळे जमले आणि अमरसिंगला बोलावून घेतलं. जो तो त्याच्यावर तुटून पडला. वायर हलकी आणली, लोकांच्या जिवाशी खेळतो, काढून ने तुझी केबल. अमरसिंग गोरामोरा होऊन उभा होता. शेवटी त्यानं प्रेमानंदकडं पाहिलं.

"काका, तुमी जाणते. तुमीच सांगा ह्यांना. माझ्या वायरीत करंट असतो का? ती बिनकरंटाची वायर हाय."

 प्रेमानंदच्या जिभेवर शब्द आले होते. पण समोर दहा घरची तोंडं होती, आणि त्यातलं एकही त्याच्याकडं संशयानं बघत नव्हतं.

"वायर बराबर हाय," तो म्हणाला. "मशिनला थोडी झिणझिण असतीच. भिऊ नका."

झालं, मिटलं. लोक उठले. अमरसिंगनं त्याचे दोन्ही हात धरले आणि प्रेमानंदला ते सोडवून घ्यावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला. समोरच्या गच्चीवर सिंधूबाईची सून सपना केबलच्या लोखंडी तारेवर लंगोट वाळत घालत होती. दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती नुकतीच माहेराहून आली होती. एक, दोन, सहा लंगोट.

"सपना! त्या तारेवर काहून घालती गं?"

"आत्याबाई आधी घालू देत न्हवत्या काका," ती हसून म्हणाली. "काल तुमी म्हणले ना बराबर हाय म्हणून? दोरी तुटलीय आमची."

"दोरी बांध. मी देतो दोरी."

त्यानं दोरी दिली. सपनानं ती बाळाच्या पाळण्याला बांधली, झोका द्यायला, आणि लंगोट तारेवरच राहिले. त्यापुढं प्रेमानंदचं खाणंपिणं उडालं. लाईट असेल तितका वेळ तो गच्ची ते सळई, सळई ते गच्ची खेपा घालत राहिला. ठिपका दिसला की बादली. जळबाची मूठ त्याला ताटात दिसायला लागली.

एकवीस तारखेला पिंप खडखडीत झालं. नळ तेवीसला येणार होता. त्यानं शेजारी दोन कळश्या मागितल्या, त्या मिळाल्या आणि त्याही सळईनं पिऊन टाकल्या. आता ओतायला काही नव्हतं.

बावीसच्या दुपारी त्यानं ठरवलं. कुणाला काही सांगायचं नाही, गुपचूप हिरवी तार सोडवून टाकायची. आपली सळई आणि अमरसिंगची वायर यांचा संबंधच तोडायचा. अमरसिंगनं कधी विचारलंच तर म्हणू उंदरानं कुरतडली. बारा ते चार लाईट नसायची, म्हणजे कामाला धोकाही नव्हता. साडेतीन वाजता तो पक्कड घेऊन गच्चीवर चढला, बॉक्सची हिरवी तार सोडवली. खाली येऊन टेबलाखालच्या प्लगबोर्डाची अर्थिंगची तारही काढली. हे आधीच काहून केलं न्हाई, असं स्वतःलाच म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या हातानं चहा केला. गेल्या कित्येक दिवसांत त्याला गोड लागलेला तो पहिला चहा.

चारला लाईट आली. आली की गल्लीतले सगळे कूलर एकदम घरघरले. ऐश्वर्या पाटावर पाय ठेवून तयारच बसली होती. "नेट आलं! बाबा, अर्ध्या तासात फॉर्म जातोय बघा."

प्रेमानंद गच्चीवर गेला. टेस्टर विझलेला एकदा डोळ्यांनी बघावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पक्कड बॉक्सपाशीच विसरली होती, तीही आणायची होती. त्यानं लोखंडी तारेला टेस्टरचं टोक टेकवलं.

काच लालभडक पेटली. तसा उजेड त्यानं फक्त खांबाच्या तारेवर पाहिला होता.

आधी त्याला काही कळेचना. मग सगळं एकदम कळलं. संतराम सरांच्या घरचा प्लगबोर्डही त्यानंच बसवला होता, त्याची तिसरी तारही सळईलाच जोडली होती. सरांनी पाणी घातलं नव्हतं. ती सळई कोरडी ठणठणीत होती, आणि सरांच्या कूलरच्या करंटला जमिनीत जाता येईना म्हणून तो प्लगबोर्डावरून कॉम्प्युटर-मोडेमच्या वाटेनं केबलमधून गल्लीभर पसरत होता. इतके दिवस त्याला खाली ओढून घेत होती ती प्रेमानंदची ओली सळई. स्वतःला वाचवायला म्हणून त्यानं तीच सोडवली होती.

त्यानं मान वर केली. समोरच्या गच्चीवर सपना होती. अनवाणी, पाण्याची बादली लवंडलेल्या ओल्या फरशीवर, खांद्यावर पिळलेले लंगोट. ती तारेपासून चार पावलांवर होती.

"सपना! हात लावू नको!"

कूलरच्या घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. तिनं हसून मान हलवली, काकांनी काहीतरी विचारलं असेल म्हणून. तीन पावलं. खालून ऐश्वर्याचा आवाज आला, "बाबा, शेवटचं पान!" सरांच्या गच्चीवरून येणारी वायर कापली की करंट थांबणार होता. ती कापली की नेटही जाणार होतं.

त्यानं पक्कड उचलली. रबरी मुठी घामानं निसटत होत्या. पहिल्या दाबात केबल तुटली, लोखंडी तार तुटेना. दुसऱ्या दाबात अर्धी. सपनानं लंगोट झटकला आणि तारेवर टाकला, आणि त्याच क्षणी तिच्या तोंडून किंकाळी फुटली. प्रेमानंदनं अंगातला सगळा जीव दोन्ही मुठींत आणून तिसऱ्यांदा दाबलं. तार तुटली आणि सणसणत भिंतीवर आपटली.

सपना खाली बसली होती. उजवा हात छातीशी धरून ती थरथरत होती. "काका," एवढंच ती म्हणाली. घरात बाळ रडायला लागलं. प्रेमानंदला तिच्या हाताची मूठ उघडलेली दिसली, पाचही बोटं हलताना दिसली, आणि तो कठड्याला धरून लहान पोरासारखा रडला.

"बाबा, नेट गेलं!" ऐश्वर्या जिन्यात ओरडत होती. "फॉर्म गेला न्हाई माझा!"

दहा मिनिटांत गल्ली सिंधूबाईच्या दारात जमली. कुणीतरी अमरसिंगला फोन केला. तो मोटारसायकल लावतो न लावतो तोच किसनसिंगनं त्याची कॉलर धरली. संतराम सर पोलिसांत जायचं म्हणत होते. सिंधूबाईनं प्रेमानंदला पाहिलं आणि ती त्याच्या पायाशी वाकायला लागली.

"भाऊ, तुमी नसते तर आज माझ्या घरात काय झालं असतं! तुमी देवासारखे धावले. ह्या मेल्यानं तर सुनंचा जीवच घेतला असता."

प्रेमानंद मागं सरकला. अमरसिंग त्याच्याकडंच बघत होता, त्या दिवशी ओट्यावर पाहिलं होतं तसंच, काका आता बोलतील म्हणून. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं असतं, आणि दिवेलागणीला घराघरांतल्या बाया पुन्हा सळयांना पाणी घालायला निघाल्या असत्या.

"त्याला सोडा," तो म्हणाला. "त्याची वायर बराबर हाय. खोट माझ्या कामात हाय."

कुणाला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. सळई काय करते, मिठाचं पाणी कशासाठी, ते नुसतं बत्तीसाठी नव्हतं तर आणखी कशासाठी होतं. चौऱ्याण्णव साली नीट करता आलं असतं, ते केलं नाही. ओट्यावर तो खोटं बोलला. आज दुपारी त्यानंच तार सोडवली. त्यानं काही गाळलं नाही. "समद्यांनी आत्ताच्या आत्ता मेन स्विच बंद करा," तो शेवटी म्हणाला. "मी एकेका घरची सळई सोडवतो."

 लोक ओरडले असते तर त्याला सोसलं असतं. संतराम सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"तेवीस वर्षं?" सिंधूबाई म्हणाली. "माझी लेकरं त्या सळईपाशी न्हाली, भाऊ."

"व्हय."

एकेक जण घरी गेला. एकेक कूलर बंद होत गेला. अमरसिंगनं कॉलर सारखी केली.  जिन्याच्या पायरीवर ऐश्वर्या कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून बसली होती, तिच्यापुढं त्यानं मोटारसायकल उभी केली. "साडेचार व्हायचेत. स्टेशनरोडच्या कॅफेत माझंच नेट हाय. बस लवकर." ती बापाकडं न बघता मागं बसली. सहाला परतली. फॉर्म गेला होता. ते तिनं रुक्माबाईला फोनवर सांगितलं, आणि प्रेमानंदला ते शेजारच्या खोलीतून ऐकू आलं.

पण त्याआधी त्यानं संतराम सरांकडची सळई सोडवली, आणि मग तो सिंधूबाईच्या घरात गेला. धुण्याच्या दगडाजवळ गुडघ्यांवर बसून गंजलेला नट फिरवला. सळई मोकळी केली. खांबावरून आलेली, तेवीस वर्षं भिंतीवर गुंडाळून ठेवलेली परतीची तार उलगडली, घासून लखलखीत केली आणि जिथं जोडायची तिथं जोडली. सिंधूबाई पूर्ण वेळ दारात उभी राहून त्याचे हात बघत होती.

"झालं," तो उठत म्हणाला. "मेन चालू करा. आता भ्यायचं कारण न्हाई."

सिंधूबाईनं हात पुढं केला. "तुमचा टेस्टर द्या."

"मी बघितलंय वहिनी. बराबर हाय."

"आता तुमच्या सांगण्यावर न्हाई, भाऊ. कसा धरायचा तेवढं दाखवा."

त्यानं खिशातला टेस्टर काढून दिला. बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. खरा कसा पेटतो ते एका प्लगमध्ये घालून दाखवलं. तिनं मेन चालू केला, कूलर लावला. आधी नळाला टेस्टर लावला, मग टीव्हीला, मग खिडकीच्या गजाला, मग लोखंडी पेटीला. प्रत्येक ठिकाणी ती काचेकडं बघत थांबायची, आणि मागं उभा असलेला प्रेमानंदही श्वास धरून बघायचा. शेवटी ती पाळण्यापाशी गेली. बाळ झोपलं होतं. तिनं पाळण्याच्या साखळीला टोक टेकवलं, एका कडीला, मग दुसऱ्या, मग चारही.

काच विझलेलीच राहिली. सपना भिंतीला टेकून बघत होती, उजवा हात अजून छातीशीच होता.

दारात शेजारची बाई येऊन उभी होती. तिनं प्रेमानंदला ओलांडून सिंधूबाईला विचारलं, "तुमचं झालं की तो टेस्टर आमच्याकडं द्या."

सिंधूबाईनं तो तिच्या हातात दिला. प्रेमानंदनं पक्कड उचलली आणि टेस्टरच्या मागोमाग पुढच्या घरी गेला.